लिव्हरला अंजीर कुठून चिकटलं: ईगादो, फेगातो, फ्वा आणि आपलं यकृत

प्रश्न थोडक्यात असा आहे की स्पॅनिशमधे लिव्हरला 'ईगादो' म्हणतात, इटालियनमधे 'फेगातो', पोर्तुगीजमधे 'फीगादु', हे तिघं एका घरातले आहेत हे ऐकूनच कळतं, पण मग फ्रेंचमधला 'फ्वा' कुठून टपकला, आणि क्लासमधे जे सांगतात की हे सगळं अंजिरावरून आलंय ते खरं की नुसती थाप. आणि शेवटी असंही विचारलंय की मग लॅटिनमधे लिव्हरला मूळ शब्द नव्हता का.

सरळ उत्तर: थाप नाही, खरं आहे. फ्वा पण त्याच घरातला आहे, फक्त ओळखू येऊ नये इतका झिजलाय. आणि मूळ शब्द होता, चांगला भक्कम होता, तो आपल्या 'यकृत'चा सख्खा नातेवाईक होता, आणि तो बिचारा मटणवाल्यांच्या आणि स्वयंपाक्यांच्या शब्दापुढे हरला. मी बरीच वर्षं स्पॅनिश आणि फ्रेंच शिकवतोय आणि पोटापाण्यासाठी मेडिकल रिपोर्टांची भाषांतरं करतो त्यामुळे हा अवयव माझ्या टेबलावर सारखा येत असतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर मधले पॅरा सोडून द्या.

आधी तो हरलेला शब्द. लॅटिनमधे लिव्हर म्हणजे 'येकुर'. संस्कृत 'यकृत्', लॅटिन 'येकुर', ग्रीक 'हेपार', हे तिन्ही एकाच जुन्या शब्दाचे वंशज. हेपार बघून वाटेल की याचा काय संबंध, पण ग्रीकमधे शब्दाच्या सुरवातीच्या य चा ह होतो (संस्कृत 'यः' म्हणजे 'जो', ग्रीकमधे 'होस') आणि जिथे संस्कृतात क आणि लॅटिनमधे क्व किंवा क असतो तिथे ग्रीकमधे बऱ्याचदा प येतो, संस्कृत 'क्व' म्हणजे कुठे आणि ग्रीक 'पू' म्हणजे पण कुठे. हेपॅटायटिस मधला हेपॅट तो हाच. शाळेत शब्दरूपावली घोकलेल्यांना अजून एक मजा दिसेल. यकृत् ची षष्ठी 'यक्नः' अशी पण होते, म्हणजे ऋ/र जाऊन तिथे न येतो. लॅटिनमधे पण येकुरची षष्ठी 'येकिनोरिस', तिथेही अचानक न उगवतो! दोन भाषांमधे एकाच शब्दात एकाच जागी एकसारखं विचित्र रूप सापडणं हा योगायोग नसतो, नातं सिद्ध करायला नुसत्या उच्चाराच्या साम्यापेक्षा असली विचित्र रूपंच जास्त कामाची.

फारसीतला 'जिगर' पण ह्याच कुटुंबातला. म्हणजे 'जिगरी दोस्त' म्हणताना आपण यकृताचाच एक भाऊ इराणवरून आणून वापरतोय, घरातला मूळ यकृत मात्र डॉक्टरकडे आणि वैद्याकडेच.

आता अंजीर. रोमन लोकांना आणि त्यांच्या आधी ग्रीकांना आणि त्यांच्याही आधी इजिप्तच्या लोकांना माहीत होतं की गूज म्हणजे तो हंसाच्या जातीचा पाळीव पक्षी, त्याला ठासून खायला घातलं की त्याचं लिव्हर फुगतं आणि चवीला जबरदस्त लागतं. इजिप्तमधे सक्कारा इथल्या थडग्यांच्या भिंतींवर पक्ष्यांना जबरदस्तीने भरवतानाची चित्रं आहेत, चार हजार वर्षांपेक्षा जुनी. यामागे पक्ष्याच्या शरीराचीच एक सोय आहे, लांबच्या स्थलांतराआधी हे पक्षी लिव्हरमधे चरबी साठवून ठेवतात, माणसाने त्या सोयीचा गैरफायदा घेतला असं म्हणा हवं तर. ग्रीक आणि रोमन लोक त्यासाठी अंजीर वापरायचे कारण भूमध्य समुद्राच्या काठाला ते मुबलक, वाळवून वर्षभर ठेवता येतं आणि साखर भरपूर. अशा लिव्हरला ग्रीकमधे म्हणायचे 'हेपार सिकोतोन', सिकोन म्हणजे अंजीर, तर सिकोतोन म्हणजे 'अंजीरलेलं'. रोमनांनी त्याचं शब्दशः लॅटिन केलं, 'फीकुस' म्हणजे अंजीर म्हणून 'येकुर फीकातुम'. अंजिरावर पोसलेलं येकुर.

ही थाप नाही याचे पुरावे लेखी आहेत. कवी होरेसने ख्रिस्तपूर्व 30 च्या सुमारास एका श्रीमंताच्या जेवणावळीची टर उडवली आहे, तिथे रसरशीत अंजिरांवर पोसलेल्या पांढऱ्या हंसिणीचं येकुर वाढल्याचा उल्लेख आहे. (हंसाला तो 'आन्सेर' म्हणतो, तो पण आपल्या हंसाचा नातेवाईक बरं का, पण ते आत्ता सोडा.) नंतर थोरला प्लिनी हा रोमन लेखक, जो सन 79 मधे व्हेसुव्हिअसच्या उद्रेकात मेला, त्याने लिहून ठेवलंय की आपिकियुस नावाच्या खवय्याने हीच युक्ती डुकरिणींवर केली, त्यांना सुकी अंजिरं खाऊ घालून घालून माजवायचं आणि मग एकदम मध घातलेली वाइन पाजून मारायचं. गूजच्या लिव्हरचा शोध नक्की कोणी लावला यावरून दोन बड्या रोमन लोकांची नावं पण तो देतो, म्हणजे श्रेयाची भांडणं तेव्हाही होतीच.

पण लक्षात घ्या, होरेस अजून 'येकुर' म्हणतोय आणि अंजीर वेगळं सांगतोय. पुढे आपिकियुसच्याच नावावर खपणारं एक पाककृतींचं पुस्तक तयार झालं, ते आज आहे त्या रूपात त्याच्या बऱ्याच नंतरच्या काळातलं आहे, त्यात 'फीकातुम'साठी सॉस कसा करायचा हे दिलंय आणि तिथे येकुर हा शब्दच नाही. विशेषण उरलं, नाम गळालं. आपल्याकडे पैठणी म्हणताना साडी हा शब्द वेगळा लावावा लागत नाही, तसंच. पण रोमनांच्या बाबतीत पुढची पायरी पण झाली. उद्या समजा कुठलीही साडी, अगदी सिंथेटिकची रोज नेसायची पण, पैठणीच म्हणवली जायला लागली आणि 'साडी' हा शब्द फक्त पोथ्यांमधे उरला, तर जे होईल ते झालं. आधी फीकातुम म्हणजे अंजिरावर पोसलेल्या प्राण्याचं महागडं लिव्हर, मग ताटात येणारं कुठलंही लिव्हर, मग शेवटी तुमच्या-आमच्या पोटातलं पण.

ही शेवटची पायरी कधी झाली याची एक छान खूण आहे. आठव्या शतकात उत्तर फ्रान्सच्या बाजूला कोणीतरी बायबलच्या लॅटिन भाषांतरातल्या अवघड शब्दांची यादी केली, अवघड शब्द आणि शेजारी लोकांना कळेल असा शब्द, आपण पोथीत समासात अर्थ लिहितो तसं. ही यादी रायखेनाऊच्या मठात सापडली म्हणून तिला रायखेनाऊची शब्दसूची म्हणतात. त्यात 'येकोरे' समोर लिहिलंय 'फीकातो'. म्हणजे तोपर्यंत लॅटिन वाचणाऱ्या माणसाला येकुर हा अवघड शब्द झाला होता आणि अंजीरवाला शब्द सोपा! त्याच यादीत चीजसाठी जुन्या 'कासेउस'ला 'फोरमातिकुम' असा अर्थ दिलाय, म्हणजे साच्यात घातलेलं, त्यावरून फ्रेंच 'फ्रोमाज' आणि इटालियन 'फोर्माज्जो' आले. स्पॅनिश 'केसो' मात्र जुन्या कासेउसवरून. तीच युक्ती, विशेषण राहिलं आणि नाम गेलं, फक्त चीजच्या बाबतीत निम्म्याच भाषांनी ऐकलं आणि लिव्हरच्या बाबतीत झाडून सगळ्यांनी.

येकुर का हरला? एक कारण उघड आहे, ते येकिनोरिस वगैरे चालवायला कटकटीचं, आणि साध्या लोकांनी असली विचित्र रूपं एकेक करून टाकूनच दिली. पण दुसरं कारण मला जास्त पटतं. शरीराच्या अवयवांची नावं लोकांच्या तोंडी ग्रंथातून येतच नाहीत. फ्रेंचमधे डोक्याला 'तेत' म्हणतात ते लॅटिन 'तेस्ता'वरून, म्हणजे मातीचं मडकं. तोंडाला 'बूश', स्पॅनिशमधे 'बोका', ते 'बुक्का' म्हणजे गालावरून. मांडीला फ्रेंचमधे 'क्वीस', ते 'कोक्सा' म्हणजे खुब्यावरून, जागाच सरकली. बाजारात, खाटकाकडे, भांडणात जे शब्द चालतात तेच पोरांच्या कानावर पडतात, आणि लिव्हर तर असा अवयव आहे की साध्या माणसाला तो दिसतो तोच मुळात कापून ठेवलेल्या जनावराचा. आपल्याकडे पण बघा ना, 'यकृत' पुस्तकात, रिपोर्टवर 'लिव्हर', आणि दुकानात 'कलेजी', तिथे जाऊन कोणी पाव किलो यकृत द्या म्हणत नाही.

आता तुमचा फ्वा. इथे थोडी कसरत आहे.

लॅटिनचा नियम असा की शेवटून दुसरं अक्षर दीर्घ असेल तर जोर त्याच्यावर. फी-का-तुम मधे 'का' दीर्घ आहे, तर जोर 'का'वर हवा. तसं झालं असतं तर स्पॅनिशमधे तो शब्द मेर्कादो (बाजार, लॅटिन मेर्कातुम) सारखा 'गा'वर जोर देऊन म्हटला गेला असता. पण ईगादोचा जोर पहिल्या 'ई'वर आहे, स्पेलिंगमधे त्या अक्षरावर तिरकी रेघ देतात ती त्याचसाठी. इटालियन फेगातोमधे पण जोर 'फे'वर, पोर्तुगीजमधे 'फी'वर. मराठी बोलणाऱ्यांना ह्या जोराचं महत्त्व पटकन वाटत नाही कारण आपल्याकडे जोराने अर्थ बदलत नाही, माझ्या विद्यार्थ्यांपैकी निम्मे जण ईगादो सपाट म्हणतात आणि मी थकलोय सांगून, पण रोमान्स (म्हणजे लॅटिनमधून निघालेल्या) भाषांच्या इतिहासात अर्ध्या गोष्टी जोरावरच ठरतात, जोर असलेला स्वर टिकतो, बाकीचे झिजतात.

मग जोर सरकला कसा? सगळ्यात जास्त मान्य असलेला खुलासा असा की यात ग्रीक सिकोतोनचा हात आहे. रोममधे बरेच स्वयंपाकी ग्रीक बोलणारे गुलाम होते, घरात सिकोतोन आणि फीकातुम दोन्ही शब्द एकाच पदार्थासाठी ऐकू यायचे. लॅटिन बोलणाऱ्यांनी तो ग्रीक शब्द आपल्या पद्धतीने 'सि'वर जोर देऊन म्हणायला सुरवात केली, आणि मग त्याच चालीवर फीकातुम पण पहिल्या अक्षरावर जोर देऊन म्हटला गेला. फेगातोमधला 'ए' पण त्याच सरमिसळीत आला असं समजतात, कारण फीकुसच्या दीर्घ ई चा इटालियनमधे ए व्हायला नको, अंजीर तिथे 'फीको'च आहे. पुस्तक बघून भाषांतर करणाऱ्याच्या हातून असला घोळ होत नाही, हा तोंडी कारभार आहे.

सगळीकडे मात्र हा घोळ पोचला नाही. रोमेनियनमधे लिव्हर 'फिकात', जोर 'का'वर, अगदी नियमाप्रमाणे. व्हेनिसच्या बोलीत 'फिगा', जोर शेवटी. (कांद्यासोबत परतलेलं लिव्हर ही व्हेनिसची प्रसिद्ध डिश, मेनूकार्डावर इटालियन फेगातो लिहितात पण तिथला माणूस फिगाच म्हणेल.) म्हणजे दोन उच्चार शेजारी शेजारी नांदत होते. आणि रोमेनियाचं विशेष असं की तो भाग रोमने सन 106 मधे जिंकला आणि 270 च्या दशकात सोडून पण दिला, पुढे तिकडची लॅटिन बाकीच्यांपासून बरीच तुटली, तरी तिच्यात अंजीरवालाच शब्द आहे. त्यावरून वाटतं की येकुरची गच्छंती बरीच लवकर सुरू झाली असणार, रायखेनाऊची यादी म्हणजे नंतर झालेली नोंद.

फ्रान्सच्या बाजूला अजून एक गंमत झाली, क आणि त यांनी जागा बदलल्या. आपल्याकडे नुकसानचं 'नुसकान' होतं ना, तेच. फीकातुमचं साधारण फीतिकुम सारखं काहीतरी झालं. त्यावरून कॅटलान (ईशान्य स्पेनची भाषा) आणि ऑक्सितान (दक्षिण फ्रान्सची जुनी भाषा) यांच्यात 'फेत्जे' आला. आणि उत्तरेत जुन्या फ्रेंचमधे मधली व्यंजनं विरघळून 'फेये' सारखा शब्द उरला. त्यापुढचं काम फ्रेंचच्या नेहमीच्या सवयीने केलं, जोरातल्या 'ए'चा आधी 'एइ', मग 'ओइ', मग 'वा'. राजा बघा, स्पॅनिश 'रेइ', इटालियन 'रे', फ्रेंच 'र्वा'. कायदा, स्पॅनिश 'लेइ', इटालियन 'लेज्जे', फ्रेंच 'ल्वा'. तसंच फेये वरून फ्वा. फ्रेंच स्पेलिंगमधे शेवटी जो मुका 'ए' लटकलेला आहे तो म्हणजे त्या अख्ख्या शेपटाची राहिलेली निशाणी.

इतकं झिजलं की अपघात होतातच. लॅटिन 'फिदेम' म्हणजे श्रद्धा, त्याचं पण फ्वा झालं. 'विकेम' म्हणजे वेळ, खेप, त्याचं पण फ्वा. आणि पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी एक गाव आहे त्याचं नाव पण फ्वा. स्पेलिंग चारही वेगळी, उच्चार एक. फ्रेंच पोरांना शाळेत एक गमतीचं वाक्य शिकवतात, फ्वा गावात एक बाई एकदा फ्वा विकायला बसते वगैरे, श्रुतलेखन घ्यायला एक नंबर.

स्पॅनिशचा ह राहिला. लॅटिनमधला सुरवातीचा फ स्पॅनिशमधे बऱ्याचदा ह झाला आणि मग तो ह बोलायचाच बंद झाला, लिहायचा राहिला. फारिना (पीठ) चं 'आरीना', फोर्मीका (मुंगी) चं 'ओर्मीगा', फिलियुस (मुलगा) चं 'ईखो'. फीकुसचं 'ईगो' म्हणजे अंजीर, आणि फीकातुमचं ईगादो. त्यामुळे स्पॅनिशमधे अजूनही दोन्ही शब्द कानाला चिकटून आहेत, आणि बऱ्याच जणांना वाटतं की स्पॅनिश लोकांनीच कधीतरी ईगो वरून ईगादो बनवला, किंवा लिव्हर अंजिरासारखं दिसतं म्हणून. तसं नाही, शब्द स्पेनमधे पोचला तेव्हा तयारच होता. उलट फ्रेंचमधे अंजीर 'फीग' आणि लिव्हर फ्वा, तिथे कोणाच्या स्वप्नातही येणार नाही. आजच्या ग्रीकमधे लिव्हरला 'सिकोती' म्हणतात, अंजिरावरूनच! तिकडे पण जुना हेपार बाजारातून गेला आणि डॉक्टरांकडे उरला.

फ्वा ग्रा बद्दल पण वेगळं सांगायला हवं कारण इथेच सगळ्यात मोठी गंमत आहे. फ्वा ग्रा म्हणजे शब्दशः चरबीवालं लिव्हर, ग्रा हा लॅटिन 'क्रास्सुस' (जाड) वरून. आता विचार करा, फीकातुमचा मूळ अर्थच माजवलेलं लिव्हर असा होता. तो अर्थ साध्या लिव्हरला वाटून टाकल्यावर खऱ्या माजवलेल्या लिव्हरला नाव उरलं नाही म्हणून परत एक विशेषण लावावं लागलं. म्हणजे फ्वा ग्रा मधे माजवणं दोनदा आहे. अंजिराची जागा आता मक्याने घेतली आहे. फ्रान्सने 2006 मधे फ्वा ग्रा हा देशाचा सांस्कृतिक आणि खाद्यवारसा आहे असं कायद्यातच लिहून टाकलं, आणि आपल्याकडे 2014 मधे त्याच्या आयातीवर बंदी आली, प्राण्यांच्या हालांवरून. मला विचाराल तर बंदी बरोबर आहे, पण तो वेगळा विषय.

जाता जाता वाक्प्रचार, कारण परीक्षेत विचारतात. इटालियनमधे 'फेगातो असणं' म्हणजे हिंमत असणं, आपल्या 'वाघाचं काळीज'च्या अगदी जवळ, आणि काळीज तरी नक्की हृदय की लिव्हर हे आपण कुठे ठरवलंय. फ्रेंचमधे मात्र उलटं, 'लिव्हरं असणं' (अनेकवचन!) म्हणजे टरकणं. त्यामुळे इटालियनवरून फ्रेंचमधे सरळ उचललंत तर शूर माणसाला भित्रा म्हणून बसाल. मेक्सिकोत एखाद्याला 'तो ईगादो आहे' म्हटलं तर तो डोक्यात जाणारा माणूस आहे. गोव्याकडचे वाचत असतील तर, सोरपोतेलमधे डुकराचं जे लिव्हर पडतं ते पोर्तुगीजांचं फीगादु.

आणि मेडिकल भाषांतराकडे वळणार असाल तर एक कामाची गोष्ट. नाम बाजारातलं असलं तरी विशेषण सगळ्यांनी ग्रीकवरून घेतलंय, स्पॅनिश 'एपातिको', फ्रेंच 'एपातिक', त्यामुळे ईगादोवरून विशेषण बनवायला जाऊ नका. पण आपल्याकडे सोनोग्राफीच्या रिपोर्टात हल्ली सर्रास जे 'फॅटी लिव्हर' येतं त्याला स्पॅनिशमधे 'ईगादो ग्रासो' म्हणतात आणि ते रिपोर्टात पण चालतं. फ्रेंच डॉक्टर 'स्तेआतोज एपातिक' लिहितात, तुम्ही पण तेच लिहा, पेपरवाले मात्र त्याला सरळ 'फ्वा ग्राचा आजार' म्हणतात.